चित्ररथातला मावळा, बोर्डवाला पेंटर आणि पन्नास कोटींचं केळं: यातला आर्टिस्ट कोण?

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधी दोन ओळीत सांगतो. वैशाखातली परंपरेची शिवजयंती झाली की गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सेट उभा करतात, त्यावर त्याच गल्लीतली पोरं महाराज, मावळे, खान सगळं होतात, आणि प्रसंग जिवंत करून दाखवत मिरवणूक रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी बातमीत येतं की 'कलाकारांनी सजीव देखावे सादर केले'. आता त्यातल्या एखाद्या मावळ्याला दुपारी गाठून विचारा, तू कलाकार आहेस काय रे? तो म्हणणार, छे ओ, मी आपलं मंडळात आहे, इकडं दुकानात कामाला असतोय.

आणि त्याच ट्रॉलीला जो पडदा लावलाय, मागं किल्ला, खाली दरी, वर ढग, तो ज्या पेंटरनं रंगवला त्याचं नाव बातमीत नसतंच.

आता तिसरी गोष्ट बघा. 2019 मध्ये अमेरिकेत मायामीच्या एका मोठ्या कला-मेळ्यात माउरित्सिओ कातेलान नावाच्या इटालियन आर्टिस्टनं भिंतीवर एक केळं चिकटपट्टीनं चिकटवलं, किंमत 1,20,000 डॉलर. त्याचीच एक प्रत नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 62 लाख डॉलरला गेली, म्हणजे आपले पन्नास कोटी रुपयांच्या वर. केळं अर्थातच नासतं, ते बदलायचं असतं, घेणाऱ्याला मिळतं ते एक सर्टिफिकेट आणि केळं कसं चिकटवायचं याच्या सूचना. इथं कोणी विचारलं नाही की कातेलान आर्टिस्ट आहे का, सगळ्यांनी विचारलं ते एवढंच की हे आर्ट आहे का. आमच्या मावळ्याचं बरोबर उलटं, तो करतो ती कला हे सगळ्यांना मान्य, पण तो कलाकार आहे हे त्याला स्वतःलाच मान्य नाही.

हा घोळ का होतो तर आपण तीन वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात विचारतो. एक, ही गोष्ट कला या प्रकारात मोडते का. दोन, मोडत असेल तर ती चांगली आहे का. आणि तीन, मान कोणाला द्यायचा, नाव कोणाचं घ्यायचं. कट्ट्यावरची ऐंशी टक्के भांडणं पहिल्या प्रश्नावर सुरू होतात आणि खरं तर दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर चाललेली असतात. 'ह्याला काय कविता म्हणायची?' असं म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा म्हणायचं असतं की ही कविता भिकार आहे. भिकार असू दे की, पण भिकार असायला आधी ती कविता असावी लागते. आपल्या देशाच्या कायद्यानं सुद्धा हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत, 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना चित्र, शिल्प, रेखाटन, फोटो असं सांगून पुढं स्पष्ट लिहिलंय की त्यात कलात्मक गुण असो वा नसो. म्हणजे वाईट चित्र हे कायद्यानं चित्रच.

आता पहिल्या प्रश्नाकडं येऊ. कला म्हणजे काय याला अडीच हजार वर्षांत बरीच उत्तरं देऊन झाली, सगळी सांगत बसत नाही, जी आपल्याला उपयोगी पडतील ती घेतो.

सगळ्यात जुनं उत्तर ग्रीकांचं, कला म्हणजे अनुकरण, जगात जे आहे त्याची नक्कल. आपल्याकडं आजही हेच उत्तर मनात पक्कं बसलेलं आहे, चित्राला सगळ्यात मोठी दाद कुठली तर 'एकदम हुबेहूब!' त्यात आपल्या गावाला के. बी. कुलकर्णी सरांसारखे चित्रकार-शिक्षक लाभले, माणूस समोर बसवून हुबेहूब काढायला शिकवण्यात पक्के, त्यामुळं इथल्या लोकांची नजर तशी घडली असेल तर नवल नाही. पण उत्तर म्हणून हे फार लवकर लंगडं पडतं. सुळेभावी इथून जवळ, कुमार गंधर्वांचं जन्मगाव, 1924 चा जन्म. कुमारजींनी यमन गायला तर त्यांनी कशाची नक्कल केली? कशाचीच नाही. दारातली ठिपक्यांची रांगोळी कशाची नक्कल आहे? आणि 1839 मध्ये फोटोचं तंत्र जगासमोर आल्यावर तर हुबेहूबपणाची मक्तेदारी चित्रकाराकडं उरलीच नाही.

मग दुसरं उत्तर, कला म्हणजे भावना. टॉलस्टॉयनं 1898 च्या सुमाराला हे जोरात मांडलं, की कलाकाराला जे वाटलं ते त्यानं रंगातून, सुरातून, शब्दातून असं मांडावं की बघणाऱ्याला त्याची लागण व्हावी. ऐकायला छान. पण लागण तर गल्लीतल्या भांडणानं पण होते, एकजण चिडला की चौघे चिडतात, ती कला नव्हे. इथं आपली जुनी मंडळी जास्त बारकाईनं विचार करून गेलीत असं माझं मत. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, शृंगार, हास्य, करुण वगैरे, शांत हा नववा नंतर आला, आणि हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं एक साधा पण अवघड प्रश्न हाताळला: खऱ्या दुःखापासून माणूस पळतो, मग नाटकातलं दुःख बघायला पुन्हा पुन्हा का येतो? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की रंगमंचावरचं दुःख त्या नटाचं राहत नाही आणि माझं खासगीही राहत नाही, ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. याला ते साधारणीकरण म्हणतात. रात्री अकराला गावात सोंगी भजन चालू असताना हरिश्चंद्र-तारामतीच्या प्रसंगाला डोळे पुसणाऱ्या बायका बघा, त्यातली एकही उठून स्टेजवर मदतीला जात नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रसंगाला परत पहिल्या रांगेत येऊन बसते.

या विचारात आणखी एक मोठी गोष्ट आहे जी आपण विसरतो, ती म्हणजे बघणारा. सहृदय प्रेक्षक नसेल तर रस निर्माणच होत नाही, निम्मं काम त्याचं. बेळगावला हे वेगळं सांगायला नको, पुलंनी ज्यांना सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचं केलं ते आपले रावसाहेब, ते काही गवई म्हणून गाजले नाहीत, ते लक्षात राहिले ते गाण्या-नाटकावर जीव टाकणारा माणूस म्हणून. तसली माणसं असतात म्हणून गावात गाणं टिकतं.

तिसरं उत्तर रचनेचं. इंग्लंडच्या क्लाइव्ह बेलनं 1914 मध्ये म्हटलं की विषय सोडा, भावना सोडा, रेषा आणि रंग एकमेकांशी कसे बसलेत तेवढं बघा. मराठीत मर्ढेकरांनी असाच विचार लयीच्या अंगानं केला, कलाकृतीतल्या घटकांत कुठं संवाद, कुठं विरोध आणि शेवटी समतोल. पुस्तकी वाटतंय? मग आपल्याकडच्या बोर्डवाल्या पेंटरकडं चला, कारण हे उत्तर त्याच्या दुकानात जेवढं नीट समजतं तेवढं कुठंच नाही.

एका पत्र्यावर त्याला तीन लिप्या बसवायच्या असतात. कन्नड अक्षर गोल, पोटात जागा घेणारं, आडवं पसरणारं. देवनागरी वरच्या शिरोरेषेला टांगलेली, काना-वेलांट्या वर आणि उकार खाली, म्हणजे वर-खाली जागा सोडायलाच लागते. आणि इंग्लिश कॅपिटल्स सरळ खांबासारखी उभी. तिन्ही एकाच उंचीची काढली तर कन्नड अंगावर येतं आणि मराठी दबलेली दिसते. त्यात 2024 पासून कर्नाटकात बोर्डवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा, उरलेल्या चाळीसात मराठी आणि इंग्लिश बसवा, दुकानाचं नाव लांबलचक, वर मालकाला कोपऱ्यात गणपती पण पाहिजे. (नियमावर कोणाला काय वाटतं तो वेगळा विषय, तो इथं काढत नाही, रात्र संपायची नाही.) चांगला पेंटर काय करतो तर आधी खडूनं रेघा मारून लांब जाऊन रस्त्याच्या पलीकडून बघतो, एक अक्षर बारीक करतो, जोडाक्षर आडवं न लिहिता उभं रचतो, लालाच्या शेजारी पिवळा घेतो की पांढरा यावर विचार करतो. सगळं वाचता यावं एवढंच काम असतं तर कॉम्प्युटरचा फॉन्ट बस होता. तो जे बघतोय ते मर्ढेकरांचंच आहे, संवाद, विरोध, समतोल, फक्त त्याला तसं बोलायला कोणी सांगितलेलं नाही.

आता चौथं उत्तर, ज्यानं वरची तिन्ही उडवून लावली. 1917, न्यूयॉर्क. एका कलाकार-संघटनेचं प्रदर्शन, नियम असा की फी भरली की कोणाचंही काम लावणार, निवड समिती नाही. मार्सेल द्युशां नावाच्या फ्रेंच आर्टिस्टनं दुकानातून मुतारीचं चिनी मातीचं भांडं आणलं, त्यावर 'आर. मट' अशी खोटी सही केली, 'फाउंटन' नाव दिलं आणि पाठवून दिलं. सगळ्यांचं लावू म्हणणाऱ्यांनी ते लावलं नाही. मूळ भांडं पुढं हरवलं, राहिला तो एक फोटो आणि नंतर केलेल्या प्रती, आणि तरी विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या कलाकृतींत त्याचं नाव येतं. यात अनुकरण नाही, भावना नाही, रचना त्यानं केलेली नाही. मग त्याला कला केलं कशानं?

1964 मध्ये अँडी वॉरहॉल या अमेरिकन आर्टिस्टनं साबणाच्या कंपनीच्या खोक्यांसारखीच दिसणारी लाकडी खोकी मांडली तेव्हा आर्थर डँटो नावाच्या तत्त्वज्ञानं हाच प्रश्न नीट विचारला, दुकानातलं खोकं आणि हे खोकं डोळ्याला सारखंच दिसतं, मग फरक कशात आहे? त्याचं म्हणणं फरक डोळ्याला दिसत नाही, तो भोवतालच्या 'कलाजगता'त आहे, म्हणजे इतिहास, विचार, आधी काय काय होऊन गेलं त्याची जाण. पुढं जॉर्ज डिकी या दुसऱ्या तत्त्वज्ञानं त्याला आणखी सरळ केलं, कलाजगतातल्या कोणीतरी 'हे कला म्हणून बघा' असं म्हणून पुढं ठेवलं की झालं.

याचा कोर्टातला नमुना फार मजेशीर आहे. ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचं 'बर्ड इन स्पेस' हे ब्राँझचं शिल्प 1926 मध्ये अमेरिकेत उतरलं, चकचकीत उभी निमुळती आकृती, ना पंख ना चोच. कस्टमवाले म्हणाले ह्यात पक्षी कुठाय, आणि त्यांनी ते कारखान्यात बनलेल्या धातूच्या वस्तूंत टाकून 40 टक्के कर लावला, कलाकृतीला कर माफ होता. केस झाली, साक्षी झाल्या, आणि 1928 मध्ये निकाल लागला की पक्षी दिसत नसला तरी हे शिल्पच. कराच्या पावतीसाठी का होईना सरकारला कलेची व्याख्या करायला लागली.

डिकीचं उत्तर ऐकून बरेचजण चिडतात, मी पण थोडा चिडतो, पण उलट कारणासाठी. लोक म्हणतात याच्यात कोणीही काहीही कला म्हणेल. मला खटकतं ते हे की 'कलाजगत' म्हटलं की डोळ्यासमोर न्यूयॉर्कची गॅलरी येते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जावा. तिथं देवीला वाहिलेले जोगती डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली परडी, घेऊन चौंडकं या तंतुवाद्याच्या तालावर नाचतात, पिढ्यान् पिढ्या. शहरातला शिकलेला माणूस त्याला एकतर श्रद्धा म्हणायचा नाहीतर नाक मुरडायचा. मग बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती 2019 मध्ये कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 चा पद्मश्री त्यांना मिळाला, आणि अचानक जोगती नृत्य ही 'लोककला' म्हणून सगळ्यांना दिसायला लागली. नाच तोच. मग अकादमीचा शिक्का बसायच्या आधी ती कला नव्हती का? होती की! डोंगरावर जमणाऱ्या माणसांना नेमकं माहीत होतं कोण चांगलं नाचतं, कोणाच्या गळ्यात ताकद आहे, कोण नुसतं हात हलवतं. जिथं चांगल्या-वाईटाची पारख करणारी माणसं आहेत तिथं कलाजगत आहेच, फक्त त्याच्याकडं लेटरहेड नाही. शिक्क्यानं बदलला तो तिसरा प्रश्न, मानाचा. पहिल्याचं उत्तर आधीच झालेलं होतं.

मॉरिस वाइट्झ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1956 मध्ये तर व्याख्येचा नादच सोडा म्हणून सांगितलं. त्यानं विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञाचा खेळांचा दाखला घेतला. विटीदांडू, पत्ते, क्रिकेट, आणि एखादं पोरगं एकटंच भिंतीवर बॉल मारत बसलंय, या सगळ्यांत कॉमन काय? टीम नाही, हारजीत नाही, बॉल पण सगळ्यात नाही. तरी आपण सगळ्याला खेळच म्हणतो, घरातली माणसं कशी एकमेकांसारखी दिसतात, कोणाचं नाक याच्यासारखं, कोणाची चाल त्याच्यासारखी, तसं. कलेचंही तेच, म्हणून नवीन काही आलं की जुन्याशी त्याचं कुठं जुळतं ते बघून आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही, कारण 'कुठंतरी जुळतं' हे कशाचंही कशाशीही दाखवता येतं. माझा स्वतःचा अंदाज असा की करणाऱ्यानं 'कसं केलंय' याकडं बघायला लावलंय का, त्यात त्याला निवड होती का, म्हणजे वेगळं करता आलं असतं पण त्यानं असंच केलं, आणि ते ओळखणारी चार माणसं आहेत का, एवढं असलं की कलेचं अंग तिथं आहे. या हिशेबानं मावळा आत, पडदा आत, बोर्ड आत, रांगोळी आत. केळं पण आत, काय करणार, पण दुसऱ्या प्रश्नाला मी त्याला फार मार्क देत नाही, तो विनोद द्युशांनं शंभर वर्षं आधी सांगून ठेवला होता.

मग आर्टिस्ट कोण? इथं आपल्या डोक्यात एक ठरलेली मूर्ती असते, केस वाढलेले, पैशाची फिकीर नाही, मनाला येईल तेच करणार. ही मूर्ती काही फार जुनी नाही. पाचसहाशे वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्सचे चित्रकार डॉक्टर आणि औषधवाल्यांच्या संघटनेत मोडायचे. चित्र, शिल्प, संगीत, काव्य, नृत्य यांची 'ललित कला' म्हणून वेगळी पंगत युरोपात बसली ती अठराव्या शतकात, बात्यू नावाच्या फ्रेंच लेखकाचं 1746 चं पुस्तक त्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडं वात्स्यायनानं चौसष्ट कला सांगितल्या त्यात गाणं आहे, चित्र आहे आणि तांदूळ-फुलांची रचना पण आहे, एकाच पंगतीत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजाचा मंत्री बिचिराज यानं बांधवून घेतली हे आपण पाहुण्यांना सांगतो, पण छतावरचं ते दगडी कमळ कोरलं कोणी हे नाव कोणाच्या तोंडी नाही. ती पण ऑर्डरच होती की. पैसे घेऊन, दुसऱ्यानं सांगितलेलं काम केलं म्हणून कलाकारपण जात असेल तर कमल बसदी पण गेली. रवी परांजपे बेळगावात जन्मले, के. बी. सरांच्या हाताखाली शिकले आणि कितीतरी वर्षं जाहिरात आणि इलस्ट्रेशनचं काम केलं, चित्रकार एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, पलीकडं कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत रंगवत सिनेमापर्यंत पोहोचले. तेव्हा पैसे घेतले का, डिग्री आहे का, पुरस्कार मिळाला का, यानं काही ठरत नाही.

कारागीर आणि कलाकार हा फरक मात्र थोडा विचार करण्यासारखा आहे. कॉलिंगवुड नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञानं 1938 मध्ये म्हटलं की कारागिराला शेवटी काय हातात येणार ते आधीच माहीत असतं, कलाकाराला ते करता करता सापडतं. खानापूरकडची माती चांगली, तिथल्या भट्टीत शंभर कौलं एकसारखी निघायलाच पाहिजेत, त्यात कोणी स्वतःला सापडून घ्यायला लागला तर पावसाळ्यात घर गळेल. पण माणसांची अशी वाटणी मला पटत नाही, कामाची करता येते. गणपतीच्या कारखान्यात श्रावणात जाऊन उभं राहा. साच्यातून पन्नास मूर्ती सारख्या निघतात, पॉलिश पेपर, प्रायमर, सोवळ्याचा रंग, हे कोणीही शिकलेला पोरगा करतो. मग शेवटी डोळ्यांची आखणी येते आणि सगळे बाजूला होतात, ती फक्त म्हातारा मूर्तिकार करणार. साचा तोच, पण एका मूर्तीची नजर खाली झुकलेली, दुसरीची सरळ तुमच्यावर, आणि गिऱ्हाईक पन्नासातून 'ही पाहिजे' म्हणून बोट दाखवतं ते त्या डोळ्यावरून. एकाच वस्तूत, एकाच दुपारी कारागिरी आणि कला दोन्ही झाल्या. तेव्हा आर्टिस्ट ही काही जात नाही की एकदा लागली की आयुष्यभर, ते त्या वेळी तुम्ही काय करताय त्याचं वर्णन आहे, आणि म्हणून आमचा मावळा मिरवणुकीच्या रात्री कलाकार आणि सोमवारी दुकानात सेल्समन, यात काही विसंगती नाही.

जात्यावर ओव्या रचणाऱ्या आज्ज्यांना कोणी कवी म्हटलं नाही त्यामागं कलेचं कारण एकही नाही, कारण आहे ते एवढंच की त्या घरात होत्या, बाई होत्या आणि हातात पीठ होतं. नाव कोणाचं घ्यायचं हे बऱ्याचदा कला बघून ठरत नाही, माणूस बघून ठरतं, आणि आपण मात्र त्याला कलेची पारख म्हणतो.

आता नवीन भांडण. यंदा कितीतरी मंडळांच्या फ्लेक्सवर एआयनं केलेले बाप्पा आणि महाराज होते, पेंटर नाही, डिझायनर पण नाही, कार्यकर्त्यानं मोबाईलवर चार ओळी टाईप केल्या आणि झालं. कायद्यात यावर एक ओळ आहे, कॉम्प्युटरनं निर्माण झालेल्या कामाचा कर्ता म्हणजे 'ते निर्माण व्हायला जो कारण झाला तो', ही दुरुस्ती 1994 ची, तेव्हा असलं काही कोणाच्या स्वप्नात नव्हतं. मग कारण कोण? टाईप करणारा, पैसे देणारा अध्यक्ष, की अॅपची कंपनी? कायद्याचं कायदा बघेल, आपल्या तीन प्रश्नांनी बघायचं तर मी आधी त्या पोराला विचारीन की दहा चित्रं आली असतील त्यातलं हेच का घेतलंस, बाकीची का टाकलीस. तो म्हणाला 'पहिलं आलं तेच लावलं' तर विषय संपला. पण तो म्हणाला की एकात महाराजांची दाढी चुकली होती, एकात तलवार डाव्या हातात होती, एकात नजर बरोबर नव्हती म्हणून रात्री दोनपर्यंत बसलो, तर त्याला थोडा वेळ बसवून घेऊन आणखी विचारायला पाहिजे.